डावीकडची सीट

कुठली गाडी घ्यायची हे जालिंदर पिसाळाचं केव्हाच ठरलेलं होतं. एकदा ठरलं म्हणजे माणसानं सरळ जाऊन गाडी घेऊन यावी, उगीच चार जणांचा सल्ला घेत बसू नये. पण नाही! पोरगी म्हणाली म्हणून तो सल्ला घ्यायला गेला आणि तिथंच सगळं बिनसलं.

वाईच्या पुढं धोमच्या अंगाला त्याचं घर. धंदा मधमाश्यांचा. मधमाश्या पाळणारा म्हणजे मध विकणारा, असं लोकांना वाटतं. मध असतोच, पण पोट चालतं ते पेट्या फिरवण्यावर. फलटणकडं कांद्याचं बी फुलोऱ्यावर आलं की पेट्या तिकडं न्यायच्या, ते संपलं की माणदेशात डाळिंबाला, मग कुठं सूर्यफुलाला. रानातल्या माश्या औषधांच्या फवाऱ्यांनी कधीच संपल्या होत्या. त्यामुळे बागाईतदार जालिंदरला जावयासारखं बोलावून न्यायचे, कारण त्याच्या माश्या आल्या नाहीत तर झाडाला फूल दिसायचं, फळ काही धरायचं नाही.

या धंद्यातली खरी डोकेदुखी म्हणजे प्रवास. मधमाशीला आपल्यासारखे कान नसतात, ती पायांनी ऐकते. पोळ्याच्या मेणातून येणारी बारीकशी थरथरसुद्धा तिला कळते. डिझेलचा टेम्पो सुरू झाला की पेटीतल्या हजारो माश्यांना वाटतं, घरावर काहीतरी संकट आलं. त्या पंख न हलवता पंखांचे स्नायू चालवायला लागतात, त्यानं पेटी आतून तापते, मेण मऊ पडतं आणि घाटातल्या एखाद्या खड्ड्यात मधानं जड झालेलं पोळं तुटून खाली येतं. खाली राणी सापडली तर ती पेटी संपलीच म्हणायची. जालिंदरनं असल्या किती पेट्या रस्त्याकडेला उघडून रिकाम्या केल्या होत्या. त्या दिवशी तो जेवत नसे.

मागच्या वर्षी एका ओळखीच्या बागाईतदाराचा विजेवरचा पिकअप त्यानं एका खेपेसाठी मागून आणला. ना धडधड, ना धूर. फलटणला पेट्यांची तोंडं उघडली तर माश्या अशा बाहेर आल्या की जशा अंगणातून अंगणातच आल्यात. जालिंदर घरी येऊन बायकोला म्हणाला, "शालन, आपला टेम्पो म्हणजे पाप होतं गं!" त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात तो पिकअप बसला. टेम्पोचं परमिट तसंही दिवाळीला संपणार होतं. जुन्या डिझेल गाड्यांना नवीन परमिट मिळणं आता बंदच झालं होतं.

मध्ये पडली ती तेजल. ही त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन पुण्याला असायची.

"बाबा, पिकअप काय घेताय? एसयूव्ही घ्या, हायब्रिड. घराजवळ बॅटरीवर चालते, लांब जायचं तर पेट्रोलवर. चार्जिंगची कटकट नाही. आईला जरा नीट बसता तरी येईल."

"आन् पेट्या काय टपावर ठेवू?"

"पेट्या किती दिवस उचलणार आहात? वय बघा की जरा!"

शालनला विचारलं तर ती हसली. "मला काय, तुम्ही न्याल तिकडं मी येणार. डावीकडं बसायचं, खिडकी उघडायची, वारं घ्यायचं. टेम्पो असला काय आन् पिकअप असला काय."

ते खरंच होतं. लग्नापासून प्रत्येक खेपेला ती त्याच्या डाव्या हाताला बसलेली. स्टिअरिंगला तिनं कधी हात लावला नव्हता आणि लाव असं तो कधी म्हणालाही नव्हता. गाडी पुरुषानं चालवायची आणि बाईनं शेजारी बसून डुलक्या काढायच्या, असंच त्यांच्याकडं चालत आलेलं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

शेवटी तेजलनं तोड काढली. "शोरूममध्ये जा. तिथलं अंदाजयंत्र सांगेल ते घ्या. मग मी एक शब्द बोलणार नाही."

आता हे अंदाजयंत्र काय होतं ते समजून घेतलं पाहिजे. गाडीची बॅटरी माणसासारखी असते, जशी वापराल तशी म्हातारी होते. रोज घाट चढवा, उन्हात तापवा, घाईघाईनं चार्ज करा, ती लवकर थकते. सावलीत ठेवून बेतानं वापरा, ती टिकते. कंपन्या तेव्हा बॅटरीची दहा वर्षांची हमी द्यायला लागल्या होत्या. दहा वर्षांची हमी द्यायची तर गिऱ्हाईकाची पुढची दहा वर्षं आधी माहीत नकोत का? म्हणून हे यंत्र. तुमच्या मनगटावरचा पट्टा, फोन, विजेचं मीटर, तुमचे नेहमीचे रस्ते, सगळं ते तुमच्या परवानगीनं वाचायचं आणि संगणकात तुमच्या घराची एक हुबेहूब नक्कल उभी करायचं. मग त्या नकलेला दहा वर्षं जगायला लावायचं. एकदा नाही, हजारो वेळा. कधी दुष्काळ घालून, कधी लेकीला मूल होऊन, कधी गुडघे दुखायला लावून. त्या सगळ्यांतून जे जास्त वेळा घडेल त्याला साजेशी गाडी ते सुचवायचं.

मनगटाच्या पट्ट्याला मात्र फार काही कळायचं. चालताना पाय किती उचलला जातो, मूठ किती घट्ट वळते, बोलताना जीभ कुठं अडखळते, हे सगळं त्याच्यात नोंदलं जायचं. जे आजार डॉक्टरला अजून वर्षभरानं दिसायचे, त्यांची चाहूल यंत्राला आधीच लागायची. सुरुवातीला कंपन्यांनी ते सांगूनही टाकलं आणि धडधाकट माणसं भीतीनंच अंथरुणाला खिळली. मग कायदा आला. यंत्रानं तब्येतीचा हिशोब धरावा, पण तो कुणालाही सांगू नये. गिऱ्हाईकाला नाही आणि कंपनीच्या माणसालाही नाही. यंत्राच्या पोटात सगळं असायचं, पण तोंडाला कुलूप. बोलायचं ते फक्त गाडीबद्दल.

साताऱ्याच्या शोरूममध्ये निलोफर मुजावर नावाची सल्लागार होती. बोलायला गोड आणि कामाला चोख. तिनं दोघांचेही पट्टे यंत्राला जोडले, चहा मागवला आणि जालिंदरला आधी पिकअप, मग एसयूव्ही अशा दोन्ही गाड्या यवतेश्वरच्या घाटात चालवायला दिल्या. पिकअप घेऊन उतरताना एका वळणावर त्याच्या डाव्या हातातून स्टिअरिंग सटकलं. "नवं कव्हर गुळगुळीत असतं," तो म्हणाला. शेजारी बसलेल्या शालननं ते पाहिलं.

परत आल्यावर तो पिकअपच्या हौद्याशी गेला आणि किती पेट्या बसतील ते वितीनं मोजत राहिला. इकडं निलोफर शालनला म्हणाली, "काकू, जरा त्या एसयूव्हीत बसता का? स्टिअरिंगच्या बाजूला. यंत्र तुमचं माप मागतंय."

"माझं? मला सायकल येत न्हाई गं बाई!"

"बसा ना, नुसतं बसायचंय."

शालन बसली. सीट आपोआप वर झाली, पुढं सरकली. तिनं भीत भीत स्टिअरिंगला हात लावला आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. जालिंदरनं यातलं काही पाहिलं नाही. तो हौद्यात उभा राहून मनातल्या मनात पेट्या लावत होता.

थोड्या वेळानं निलोफरनं त्याला आत बोलावलं. शालन बाहेर चहाचा कप घेऊन काचेपलीकडं बसली होती.

"सर, यंत्र एसयूव्ही सुचवतंय."

"का बरं? मी पेट्यांचा धंदा करतो हे सांगितलंय ना त्याला?"

"सांगितलंय. पण डावीकडची पुढची सीट ते वेगळी मागतंय. फिरणारी." तिनं पडद्यावर चित्र दाखवलं. दार उघडलं की सीट बाहेरच्या बाजूला वळायची, खाली यायची. शेजारी चाकाची खुर्ची लावायची आणि माणसाला उचलून तिच्यात घ्यायचं किंवा तिच्यातून सीटवर ठेवायचं.

जालिंदरला आधी कळेचना. "असली सीट कुणाला लागते?"

"मला माहीत नाही, सर." निलोफरचा आवाज खाली गेला. "खरंच माहीत नाही. मला फक्त सीट दिसते, माणूस दिसत नाही."

"आन् कधीपासून धरलीय?"

"दुसऱ्या वर्षापासून."

त्यानं काचेतून पाहिलं. शालन कपात बघत बसली होती. डावीकडं कोण बसतं?

"सर, पिकअपचाही एक आराखडा यंत्रानं दिलाय. तोही बघून घ्या. त्यात..."

"नको."

"एकदा बघा तरी."

"नको म्हटलं ना बाई! तिला पेट्या उचलायला लावू का आता मी?"

निलोफरनं पडदा बंद केला. काय बोलणार? तोंड उघडलं तर नोकरी जाणार. आणि खरं सांगायचं तर तिलाही नक्की काही ठाऊक नव्हतं.

येताना टेम्पोत शालननं विचारलं, "काय म्हणालं यंत्र?"

"मोठी गाडी घ्या म्हणतंय."

"व्हय?" ती बराच वेळ स्टिअरिंगवरच्या त्याच्या हातांकडं बघत राहिली. "मला पण तसंच वाटलं."

एवढंच. टेम्पोत तेव्हा दोघांपैकी कुणी एक शब्द जास्त बोललं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण नवरा-बायकोत अशीच गत असते. दुसऱ्याला दुखू नये म्हणून तोंड मिटायचं आणि मिटलेल्या तोंडाचा अर्थ ज्यानं त्यानं आपापला लावायचा.

जालिंदर त्या दिवसापासून बदलला. पहाटे उठून चहा ठेवायला लागला. शालनच्या हातातली बादली काढून घ्यायचा, पेटीचं झाकण उचलू द्यायचा नाही. "मी काय म्हातारी झाले का?" म्हणून ती चिडायची. पण गंमत अशी, की तीही तेच करत होती. मध काढायची सुरी त्याच्या हातून घ्यायची, धुराचा डबा आपण धरायची, पेटी उचलायला तो वाकला की ही आधीच दुसऱ्या बाजूला हजर. एकाच वस्तूला दोघांचे हात लागायचे आणि दोघंही "असू दे, असू दे" करत ओढायचे. बाहेरच्यानं पाहिलं असतं तर म्हटलं असतं, या वयात यांना काय नवा उमाळा आलाय!

सकाळी शर्टाची बटणं लावताना त्याची बोटं अडायची. शालन पुढं यायची आणि एकेक बटण लावून द्यायची. बिचारीला आता माझ्याजवळ असावंसं वाटतंय, असं त्याच्या मनात यायचं आणि त्याचे डोळे भरायचे. मग तो बाहेर जाऊन उगीच पेट्या ज्यांवर ठेवायच्या त्या लोखंडी घोड्यांवरचे मुंगळे झाडत बसायचा. डाव्या हाताच्या अंगठ्याखालचा मांसल भाग जरा खोलगट झालाय, हे त्याला तिथंच एकदा दिसलं. वय झालं की हात सुकायचेच, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं. एकदा माश्यांनी भरलेली चौकट त्याच्या हातून निसटून पायावर पडली, माश्या चवताळून अंगावर आल्या. दोष त्यानं हातमोज्यांना दिला.

तेजलला त्यानं फोनवर एवढंच सांगितलं, "आईची तपासणी करायचीय. सगळी. कशासाठी ते विचारू नकोस." तिनं पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात नंबर लावला. डॉक्टरांनी शालनचं रक्त घेतलं, फोटो काढले, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली आणि म्हणाले, "ताई ठणठणीत आहेत."

"अजून बारीक बघा की."

"बारीकच बघितलंय, काका. तुमचीही करून टाकू का तपासणी?"

"करा ना, डॉक्टर," शालन एकदम म्हणाली. "आलोच हाय तर करून टाका. अहो, ऐका की एवढं."

"मला काय धाड भरलीय?"

"माझ्यासाठी करा."

"शालन, मला काही झालेलं न्हाई!" तो जरा मोठ्यानंच बोलला. डॉक्टर ठणठणीत म्हणतात म्हणून त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण यंत्राला डॉक्टरच्या आधी दिसतं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आज काही सापडत नाही, याचा अर्थ त्यानं एवढाच घेतला की अजून थोडा वेळ हातात आहे.

बाहेरच्या बाकावर शालन तोंडाला पदर लावून रडायला लागली. तिनं जन्मात असं चारचौघांत रडून दाखवलं नव्हतं. कळलं वाटतं हिला, असं त्याला वाटलं. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नको. मी हाय ना."

"व्हय," ती डोळे पुसत म्हणाली. "आन् मी पण हाय."

त्याच आठवड्यात त्यानं निलोफरला फोन करून एसयूव्ही सांगून टाकली, फिरणाऱ्या सीटची. ती पुन्हा म्हणाली, "सर, तो पिकअपचा आराखडा..." त्यानं फोन ठेवला.

आता राहिल्या पेट्या. शालन त्यांच्याजवळ असेपर्यंत स्वस्थ बसणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. माश्यांची खरी नजर तिचीच. पेटीला कान लावून आत राणी आहे की नाही ते ती आवाजावरून सांगायची, आणि कुठल्या शिवारात कधी फूल येईल हे तिला पंचांगासारखं पाठ असायचं. मेढ्याचा संपत जंगम कधीपासून पेट्या मागत होता. जालिंदरनं त्याला हो म्हणून टाकलं.

"विकायच्या कशाला?" शालन म्हणाली. "मी बघते की. माझ्यानं होईल."

"न्हाई. तुला आता पेटी उचलू देणार न्हाई मी."

"माणूस लावू हाताखाली."

"न्हाई म्हटलं ना. माझ्या डोळ्यांसमोर नकोत त्या."

ती त्याच्याकडं बघत राहिली. तिला वाटलं, आपल्याला जे जमणार नाही ते दुसऱ्या कुणाला करताना बघणं या माणसाच्या जिवाला सोसत नाहीये. मग तिनं वाद सोडला. हट्टानं पेट्या ठेवून त्याचा जीव रोज टांगणीला लावायचा, हे तिला करवेना.

तिन्हीसांजेला माश्या परतल्यावर तिनंच एकेका पेटीचं तोंड जाळीनं बंद केलं आणि प्रत्येक झाकणावर हात सपाट ठेवून जराशी थांबली. संपत डिझेलचा टेम्पो घेऊन आला होता. त्याच्याकडचं परमिट अजून वर्षभर चालणार होतं.

"हळू ने रे," जालिंदर म्हणाला. "घाटात थांबत थांबत ने."

"काळजी नका करू, दादा."

टेम्पो सुरू झाला. पेट्यांतून तो ओळखीचा घुमणारा आवाज उठला. शालन घरात निघून गेली आणि त्या दिवशी चूल पेटली नाही.

दोनच दिवसांनी सकाळी गाडी आली. पांढरीशुभ्र, अंगणात मावेना एवढी मोठी. कंपनीचा माणूस किल्ली देऊन गेला. शालननं कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. नारळ फोडायला जालिंदरनं हात उचलला तर नारळच हातातून सुटून घरंगळत पेट्यांच्या रिकाम्या लोखंडी घोड्यांपाशी गेला. शालननं तो उचलून आणला आणि काही न बोलता आपणच फोडला.

"चल, एक चक्कर मारून येऊ," असं म्हणत जालिंदर आत बसला. दार लावून त्यानं बटण दाबलं. सीट हळूच वर झाली आणि पुढं सरकायला लागली. त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकले.

"नमस्कार, शालनताई," गाडी गोड आवाजात म्हणाली. "मुख्य चालकाच्या मापानं आसन लावलं आहे."

जालिंदरला हसू आलं. मूर्ख यंत्र! त्यानं सीट मागं घेतली, गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली. पुन्हा सीट पुढं. "नमस्कार, शालनताई." काच खाली घेऊन त्यानं तसंच अवघडून बसल्या बसल्या निलोफरला स्पीकरवर फोन लावला.

"अहो बाई, घोटाळा झालाय. तुमच्या गाडीनं माझ्या बायकोला ड्रायव्हर केलंय."

पलीकडं निलोफरनं आधी ऑर्डर उघडून बघितली.

"सर... घोटाळा नाही तो. यंत्रानं आधीपासून तसंच धरलंय. म्हणून तर काकूंचं माप घेतलं होतं. मला वाटलं, तुमचं घरी बोलणं झालं असेल."

"तिला गाडी येत न्हाई."

"शिकतील असं धरलंय."

जालिंदरनं मान वळवून डावीकडच्या त्या सीटकडं पाहिलं. मग स्टिअरिंगवरच्या आपल्या हाताकडं. अंगठ्याखालचा खळगा सकाळच्या उन्हात स्वच्छ दिसत होता. त्या खळग्यातली कातडी आपली आपणच बारीक बारीक उडत होती.

"आन् पिकअप?" त्यानं विचारलं. "त्या आराखड्यात काय होतं?"

"त्यातही काकूच चालवत होत्या, सर. दहाच्या दहा वर्षं. पेट्या उचलायला मागं छोटी क्रेन बसवलेली. कांदा, डाळिंब, सूर्यफूल, सगळ्या खेपा होत्या. तेच मला तुम्हाला दाखवायचं होतं."

फोन त्याच्या मांडीवर पडला. शालन घराच्या दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुला ठावं होतं?" त्यानं विचारलं.

"त्या सीटवर बसले तेव्हाच कळलं. तुमच्या हातातून वस्तू पडताना मी बघत होतेच की. मला वाटलं, तुम्हालाही ठावं हाय, फक्त बोलत न्हाई. म्हणून तर पेट्या विकल्या न्हाई का तुम्ही?"

"मी... मला वाटलं, तू."

"मी काय?"

"डावीकडं तूच बसतेस की गं!"

शालनला ते समजायला जरासा वेळ लागला. समजलं तशी ती तिथंच उंबऱ्यावर मटकन बसली. "अरे देवा! म्हणजे माझ्यासाठी विकल्या? मला काही झालेलं न्हाई, आन् माझ्यासाठी माझ्याच माश्या विकल्या तुम्ही?" ती रागावली नव्हती. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानं घाईघाईनं संपतला फोन लावला. "संपत, पेट्या परत आण. पैसे परत घे, वर काय लागेल ते घे. आजच आण."

"दादा, मीच तुम्हाला फोन करणार होतो," संपत म्हणाला. "कसं सांगू? घाटात एवढा थांबत थांबत गेलो, तरी पेट्या तापल्या. पोळी बसली सगळी. निम्म्याअधिक गेल्या हो. राहिल्या त्या काल कर्नाटकच्या एकानं नेल्या, सूर्यफुलाला."

जालिंदरनं फोन बंद केला. डॉक्टरकडं आता जायचं होतंच, तपासण्याही व्हायच्या होत्या. पण डॉक्टर काय सांगणार हे आता त्याला माहीत होतं. असलं अंग सुकवत नेणारं दुखणं गावात एकाला झालेलं दोघांनीही पाहिलं होतं. आधी हात जातील, मग पाय, मग जीभ. त्याला त्याचंही एवढं काही वाटेना. आपल्यामागं शालनच्या हाती काय उरेल, हा विचार मात्र त्याला सोडेना. तिच्याजवळ दहा वर्षांचं काम होतं, आवडीचं, तिला येणारं, आणि ते त्यानं स्वतःच्या हातांनी, हात चालत होते तेवढ्यात, विकून टाकलं होतं. तिच्यासाठी उरली ही पांढरी गाडी, नवऱ्याला दवाखान्यात न्यायला.

"शालन, चुकलो गं मी."

"व्हय," ती म्हणाली. तिनं उगीच समजूत घातली नाही. पदरानं तोंड पुसलं, उठली आणि उजवीकडचं दार उघडून उभी राहिली. "सरका तिकडं."

"आत्ताच कशाला?"

"मग कधी? तुम्ही शिकवणार, आन् तुमची जीभ हाय तोवरच शिकवणार ना? सरका."

तो उतरला, गाडीला वळसा घालून डावीकडं गेला. दार उघडल्याबरोबर सीट आपणहून बाहेर वळली आणि त्याच्यासाठी खाली आली. तो तिच्यावर बसला. समोर अंगणाच्या कडेला पेट्यांचे रिकामे घोडे ओळीनं उभे होते. पेट्या गेल्या त्या संध्याकाळी काही माश्या रानातच राहिल्या असणार. त्या दुसऱ्या सकाळीच परतल्या होत्या. जिथं पेटीचं तोंड असायचं नेमक्या त्या जागी, हवेत, त्या घिरट्या घालत होत्या, घोड्याच्या लोखंडावर टेकत होत्या आणि पुन्हा उडत होत्या. राणी नाही, घर नाही. दोन-चार दिवस त्या अशाच शोधत राहणार आणि मग एकेक करून खाली पडणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्याला तिकडं बघवेना. त्यानं सीट आत घ्यायचं बटण दाबून पाहिलं. अंगठा टेकला, पण जोर काही लागला नाही. पुन्हा दाबलं.

स्टिअरिंगमागं बसलेल्या शालननं पलीकडून हात लांब केला, त्याच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि बटण दाबून त्याला गाडीत आत घेतलं.